हसून झाल्यावर

गेल्या दिवाळीत आम्ही घरची चार माणसं तंजावरला जाऊन एक विनोदी तमिळ सिनेमा पाहून आलो. तिरुवैयारुहून तंजावर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. परतीच्या वाटेवर एकामागून एक पूल लागतात. पाच नद्यांचं गाव आमचं, नावातच तसं आहे. पहिल्या पुलावर मुलाने विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "पैसे वाया गेले. अगदीच निराशा झाली." मागे बसलेली मुलगी म्हणाली, "पण आई, तू हसत होतीस की. चार वेळा. मी मोजलं."

मुलीचं मोजणं बरोबर होतं. एक लठ्ठ माणूस रिक्षाच्या दारात अडकतो तेव्हा मी हसले. मुलीचा फोटो पाहून मुलाकडचे दिवा लावायला सांगतात, कारण मुलगी काळी आहे, तेव्हा हसले. तिसरं आता आठवत नाही. चौथ्यांदा हसले ते सगळ्यात मोठ्याने: एक म्हातारा घराला आग लागल्याचं सांगायला धावत येतो आणि तोतरा असल्यामुळे त्याच्या तोंडून पहिलं अक्षरच सुटत नाही.

रडवायला निघालेला सिनेमा फसला तर रडू येत नाही, हिशेब तिथेच संपतो. विनोदी सिनेमाचं तसं नाही. त्यात हसू येऊनही निराशा होऊ शकते, म्हणजे हसू आलं की विनोद साधला, हे समीकरण कुठेतरी चुकतं आहे. मी काही चित्रपटांची जाणकार नाही. रात्रीचं जेवण आटोपल्यावर जे लागलेलं असेल ते पाहणारी बाई मी. पण त्या दिवशी शेवटचा पूल ओलांडून कावेरीच्या अलीकडच्या काठावर येईपर्यंत मनात एकच प्रश्न होता: मी ज्याला हसले, त्याची जबाबदारी कुणाची? सिनेमा काढणाऱ्याची, की माझी?

आमचं घर तंजावरी मराठी. तीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांच्या मागोमाग जी कुटुंबं इकडे आली त्यांतलं एक. घरात बोलतो ती मराठी पुण्याच्या माणसाला जुनी आणि वाकडी वाटते, बाहेर तमिळ, देवासमोर संस्कृत आणि त्यागराजांची तेलुगू. प्रमाण मराठी मी पुस्तकांतून शिकले आणि नंतर टीव्हीवरून. त्यामुळे माझ्या हसण्याला दोन पंगती आहेत, तमिळ आणि मराठी, आणि दोन्हींकडे मी थोडीशी बाहेरची आहे. बाहेरच्या माणसाला विनोद उशिरा कळतो, पण तो कुणाच्या जिवावर चालला आहे हे मात्र जरा लवकर कळतं.

तमिळनाडूत २००६ च्या निवडणुकीत द्रमुकने घरोघरी मोफत रंगीत टीव्ही देण्याचं वचन दिलं आणि पुढच्या काही वर्षांत ते बऱ्यापैकी पाळलंही. त्याच सुमाराला चोवीस तास विनोदच दाखवणाऱ्या वाहिन्या सुरू झाल्या. 'आदित्य' एक, दुसरी 'सिरिप्पोली'. या नावाचा अर्थच हसण्याचा आवाज. त्यांवर सिनेमातले विनोदी तुकडे कापून एकापुढे एक दाखवतात. तमिळ सिनेमाला हे सोयीचंही आहे, कारण इथे विनोदाचा धागा मूळ कथेपासून वेगळा ठेवण्याची रीत जुनी. एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम ही जोडी आपले प्रसंग बऱ्याचदा स्वतंत्रपणे रचायची आणि ते सिनेमात गुंफले जायचे. कृष्णन यांनी त्या मोकळिकीचा उपयोग अंधश्रद्धा, दारू, उच्चनीचतेचा तोरा यांना चिमटे काढण्यासाठी केला. लोकांनी त्यांना 'कलैवाणर' म्हटलं ते उगाच नाही.

पण तुकडे कापून दाखवण्यात एक गोष्ट घडते, तिच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. सिनेमात मार खाणारा माणूस पुढे कधीतरी उठतो. त्याला घर असतं, कधी त्याची बाजू बरोबर ठरते, निदान गोष्ट संपते तेव्हा तो सुटतो. तुकड्यात तो फक्त मार खातो. सकाळी नऊला एकदा, दुपारी जेवणाच्या वेळी, रात्री पुन्हा. वर्षानुवर्षं. आमच्याकडे स्वयंपाकघरात कांदा चिरताना कानावर त्या चपराकांचा आवाज येत राहतो, आणि चपराक कशाबद्दल बसली हे विचारायची सवय निघून जाते.

माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमचे काका, तोतरे बोलायचे. शिक्षण बेताचं, कोर्टाबाहेर अर्ज लिहून देण्याचं काम, अक्षर मोत्यासारखं. लहानपणी आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. त्या काळी एका तमिळ सिनेमात तसा एक नोकर होता. त्याची लकब आम्ही उचलली होती, मान झटकण्यासकट. काका हसायचे. कधी स्वतःच आमच्यासमोर ती मान झटकून दाखवायचे, मग तर आम्ही जमिनीवर लोळायचो. त्यांना चालतं, असं मी धरून चालले. ते हसतात म्हणजे संमती आहे. पुढे लग्नानंतर माहेरी आले की मी एक पाहिलं. टीव्हीवर विनोदाची वाहिनी लागलेली असे, काका आरामखुर्चीत. तोतऱ्याचा प्रसंग सुरू झाला की ते उठून परसात जायचे. नळ चालू केल्याचा आवाज यायचा. प्रसंग संपला की परत यायचे, हात ओले. मला हे जुळवायला चार-पाच वर्षं लागली.

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये हास्यास्पद म्हणजे काय, याची एक मोजकी व्याख्या केली आहे. ज्या दोषाने कुणाला वेदना होत नाही, कुणाचा नाश होत नाही, तो दोष हास्यास्पद. दाखला दिला आहे विनोदी नटाच्या मुखवट्याचा: तो वेडावाकडा असतो, पण दुखत नाही. दाखला बिनचूक आहे, आणि त्यातच सगळी अडचण आहे. मुखवट्याला दुखत नाही हे खरं, पण प्रेक्षक मुखवटा नाट्यगृहात ठेवून घरी येत नाही. आम्ही त्या नोकराचा मुखवटा घरी आणला आणि काकांच्या चेहऱ्यावर चढवला. आत चेहरा होता.

फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँने १९०० साली हास्यावर पुस्तक लिहिलं. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते, असं त्याचं म्हणणं. माणूस घसरून पडला की आपण हसतो, कारण त्या क्षणी तो आपल्याला माणूस न वाटता यंत्रासारखा वाटतो. मला हे पटतं, पण अर्धंच. आपल्या भरताने नाट्यशास्त्रात हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आहे. विद्वान त्याचा अर्थ नकलेच्या, औचित्यभंगाच्या अंगाने लावतात. मी साधी बाई, मला त्यात एक घरगुती खूण दिसते: जिथे जवळीक आहे तिथेच हसू पिकतं. जुन्या मैत्रिणी भेटल्या की पाच मिनिटांत खिदळायला लागतात, तेव्हा कुणाचं हृदय बधिर झालेलं नसतं. भूल देऊन येणारं हसू आणि जवळिकीतून येणारं हसू, अशी दोन हसू आहेत. बाहेरून दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

भरताने हास्याचे सहा प्रकारही केले. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. दात न दाखवता गालात हसणं सगळ्यात वर, आणि डोळ्यांत पाणी येऊन कुशी धरून हसणं सगळ्यात खाली. इथे माझं भरताशी जमत नाही. आमच्या रस्त्यावर पहाटे फुलं विकायला बसणाऱ्या बायका कुशी धरून हसतात आणि त्यांच्या हसण्याने कुणाचं वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. उलट गालातल्या गालात हसून एखाद्याला कायमचं जायबंदी करणारे सभ्य लोक मला माहीत आहेत. प्रतवारी लावायची तर आवाजावरून लावू नये. हसून झाल्यावर ज्याला हसलो त्याच्या डोळ्याला डोळा देता येतो का, यावरून लावावी.

आता मराठी पंगतीकडे येते. महाराष्ट्रातल्या वाहिन्या आम्हाला केबलवर मिळायच्या आणि आता फोनवर सगळंच मिळतं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मी मन लावून पाहिली. त्यात आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाचं हसू होतं, कारण प्रत्येक जण थोडा थोडा चुकत होता. पुढे स्पर्धांचे, छोट्या प्रहसनांचे कार्यक्रम आले. त्यांत गुणी नट आहेत, काही लेखन फार तल्लख असतं, मी पोट धरून हसले आहे. पण एक गोष्ट राहून राहून खटकते. पुरुषाने साडी नेसून मंचावर पाऊल टाकलं की अजून एक शब्दही बोलला नसताना हशा होतो. मी रोज साडी नेसते. मग विनोद नेमका कशात आहे?

याच्याशेजारी 'अशी ही बनवाबनवी' ठेवून पाहावी. १९८८ चा सिनेमा. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. त्यातही दोन पुरुष बायका होतात. पण ते का होतात? पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही म्हणून. पदर सावरताना, आवाज चोरताना, पकडले जाण्याची धास्ती त्यांना आहे, आपल्याला त्यांची. हसू साडीला नाही, खोटं निभावताना होणाऱ्या त्रेधेला आहे, आणि त्या खोट्याच्या मुळाशी घर न मिळण्याची एक खरी अडचण आहे. म्हणून तो सिनेमा कितीही वेळा पाहिला तरी शिळा होत नाही. प्रहसनात कारण गळून पडलं आणि साडी तेवढी राहिली. अडचण काढून घेतली की उरतं ते फक्त सोंग.

शिवाय हल्ली हसायचं कुठे, हेही सांगितलं जातं. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एक पेटी बनवली. तिच्यात माणसांचं हसणं साठवलेलं होतं आणि कळ दाबली की हवं तसं हसू बाहेर यायचं. आपल्याकडे पेटीच्या जोडीला 'टुंई' असा आवाज असतो, खुर्चीवरून घसरून हसणारे परीक्षक असतात, आणि त्यांचं हसणं दाखवायला वेगळा कॅमेरा असतो. भरताने हास्य आत्मस्थ आणि परस्थ असं दोन प्रकारचं सांगितलंय: आपण हसतो ते एक, दुसऱ्याला हसवतो ते दुसरं. हे तिसरंच काही झालं. आपल्या वाटचं कुणीतरी आधीच हसून ठेवलेलं असतं, आपण मागून हजेरी लावायची. दिवाळीतल्या सिनेमात माझी चारही हसू अशी हजेरीची होती. म्हणून हसूनही रिकामं वाटलं.

याचा अर्थ व्यंगाला, जातीला, भाषेला कधी हात लावूच नये असा मी काढत नाही. त्या वाटेने गेलं तर विनोदाच्या जागी सुविचार उरतील. आमच्या तंजावरचाच दाखला आहे. भोसल्यांपैकी शहाजीराजे १६८४ ते १७१२ इथे राज्य करत होते. स्वतः नाटककार. त्यांचं 'पंचभाषाविलास' नाटक नावाप्रमाणे पाच भाषांत आहे. वेगवेगळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, त्यात मराठीही. भाषांची ती खिचडी हसरी आहे, पण कुठलीच राजकन्या तिच्या भाषेमुळे कमी ठरत नाही. त्यांचंच 'सतीदानशूर' हे तेलुगू नाटक तर आजही धाडसी वाटावं. मन्नारगुडीच्या उत्सवात एक विद्वान ब्राह्मण एका अस्पृश्य माणसाच्या बायकोवर भाळतो आणि आपलं सगळं शास्त्र तिला मिळवण्यासाठी वापरू लागतो. शिष्य त्याला परोपरीने आवरतो, पण हा ऐकत नाही. त्या ब्राह्मणाचं नाव मोरोभट्ट. म्हणजे मराठी राजाने, तेलुगूत, तमिळ मुलखात, हसण्यासाठी उभा केला तो आपल्यातलाच, मराठी नावाचा, मानाच्या पाटावर बसणारा माणूस. या नाटकात जातीचा विषय टाळलेला नाही. हसू कुणाच्या दिशेने जाणार एवढं मात्र नीट ठरवलेलं आहे.

आणि त्यागराजांचं 'नौकाचरित्र' आहे, इथे आमच्या गावात लिहिलेलं. गोपी कृष्णाला घेऊन नावेत बसतात, त्यांना आपल्या रूपाचा नि चातुर्याचा गर्व चढतो, मग वादळ येतं, नावेला भोक पडतं. कृष्ण म्हणतो, वस्त्रं कोंबून भोक बुजवा. गोपींची तारांबळ उडते आणि गर्व उतरतो. चेष्टा आहेच. पण नाव बुडाली असती तर चेष्टा करणाराही त्याच नावेत होता. मला वाटतं, हे एक माप चांगलं आहे. विनोद करणारा स्वतः त्या नावेत आहे की काठावर उभा? चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो, म्हणून त्याच्या घरी आपल्याला कधीही जाता येतं.

माप चांगलं असलं तरी प्रत्येक वेळी लागू पडतं असं नाही. १९८९ च्या 'करगाट्टक्कारन'मधला केळ्यांचा प्रसंग तमिळ मुलखात पोरासोरांना पाठ आहे. गौंडमणी सेंदिलला दोन केळी आणायला पैसे देतो. सेंदिल एक खातो, एक आणून देतो. दुसरं कुठे, असं विचारलं की शांतपणे म्हणतो, हेच ते दुसरं. या उत्तरापुढे समोरचा वेडा व्हायची वेळ येते. आता या जोडीत गौंडमणी सेंदिलला नेहमी बडवतो, त्याच्या अंगावरून, रंगावरून वाटेल ते बोलतो. ते मला आज पाहवत नाही. तरी केळ्याच्या प्रसंगाला मी अजून हसते, कारण तिथे मार खाणाराच जिंकलेला असतो. एकाच प्रसंगात निर्मळ आणि ओंगळ विनोद असे मिसळलेले असतात, आणि हसू त्यांना वेगळं करून येत नाही. ते आधी येऊन जातं.

तेव्हा जबाबदारीचा प्रश्न परत उभा राहतो. जे आपोआप येतं त्याचा दोष कसा घ्यायचा? शिंक आल्याबद्दल कुणी पश्चात्ताप करत नाही.

काका जाण्याच्या दोनेक वर्षं आधी मी त्यांना विचारलं. पुष्यमंडपाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, कावेरीला पाणी बेताचंच होतं. "काका, आम्ही तुमची नक्कल करायचो तेव्हा तुम्हाला राग यायचा?"

ते बराच वेळ थांबले. म्हणाले, "राग नाही. तुम्ही हसला नसता तर माझ्यासमोर गप्प बसला असता. मोठी माणसं तशी बसतात. ते जास्त कठीण."

मला हायसं वाटलं, तोच ते पुढे म्हणाले, "पण तू माझी नक्कल कधी केलीच नाहीस, बाळ. त्या सिनेमातल्या नोकराची करायचीस. मी मान झटकत नाही."

एवढं बोलायला त्यांना वेळ लागला. मध्येच वाक्य पुरं करून द्यायची आमच्या घरातली सवय मी त्या दिवशी आवरली. मग त्यांच्याकडे पाहिलं. खरंच, ते मान झटकत नव्हते. अडलेल्या शब्दाशी ते डोळे मिटून, अगदी स्थिर होऊन थांबत. चाळीस वर्षं मी त्यांना पाहत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

वाईट विनोदाचा दोष मी आजवर दुखावण्यात शोधत होते. काकांनी तो दुसरीकडे दाखवला. दुखावणं कधी होतं, कधी होत नाही. माणसं चिवट असतात. पण तयार साच्याला हसायची सवय लागली की समोरचा खरा माणूस दिसेनासा होतो, आणि हे त्याला न दुखावताही होतं. मी त्यांची खरी नक्कल केली असती तर निदान त्यांच्याकडे नीट पाहावं तरी लागलं असतं. चांगला नकलाकार फार बारकाईने पाहतो, आणि इतकं पाहणं आपुलकीशिवाय होत नाही. भरताच्या त्या जवळिकीपाशी मी पुन्हा येऊन पोचते ती अशी.

शिंकेचं म्हणाल तर पहिलं हसू शिंकेसारखं आहे, मान्य. त्याचा दोष मी घेत नाही, देतही नाही. पण हसून झाल्यावर आपण गप्प बसत नाही. तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगतो, फोनवर दहाजणांना पाठवतो, घरातल्या कुणाला तरी ते नाव चिकटवतो. ते दुसरं हसू आपण निवडलेलं असतं. जबाबदारी तिथून सुरू होते, आणि ती सिनेमा काढणाऱ्यावर ढकलता येत नाही.

काका गाताना अडखळत नसत. पुष्य बहुल पंचमीला आराधनेच्या मांडवात शेकडो गळे पंचरत्न कृती एकत्र म्हणतात, त्यांत ते दरवर्षी मांडी घालून बसायचे, पाचही कृती सलग, एक अक्षर न अडकता. लहानपणी आम्ही त्यांच्यामागेच बसलेले असायचो. ही गोष्ट आम्हाला नवलाची वाटली नाही, की तिच्यावर कुणी काही बोललं नाही. तोतरा माणूस न अडता गातो यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही तिकडे पाहिलंच नसावं.

परवा मुलीने दिवाळीतल्या सिनेमातला तो आगीचा तुकडा फोनवर दाखवला. कुणीतरी तिला पाठवला होता. मला पुन्हा हसू आलं, पहिल्यापेक्षा कमी. तिने विचारलं, "मामाला पाठवू?" मी तिला काकांची गोष्ट सांगितली, नळाच्या आवाजासकट. तिने तुकडा पाठवला की नाही, हे मी विचारलं नाही.